कवडीचुंबकाची हुर्यो

१८ नोव्हेंबर १९८४, रविवार

डोरीन म्हणते, यंदा कवडीचुंबकाच्या हातात बायकांची पर्स द्या. "आणि डोक्यावर तसलाच फुगवलेला केसांचा टोप. लंडनच्या त्या पंतप्रधान बाईच वाटल्या पाहिजेत!" सगळा हॉल हसला. अर्नेस्ट म्हणाला, "डोरीन, राणी, या वयात मला स्कर्ट नेसवू नकोस. पाय बघितलेस का माझे? हुर्योऐवजी वर्गणी गोळा करतील."

पर्स रद्द. जुनी काळी हॅटच राहणार.

नाताळच्या नाटकाची पहिली तालीम आज झाली. हॉलमध्ये कोबीचा वास भिंतीत मुरलाय. मार्चपासून खाणीचं चाक फिरलेलं नाही, आणि तेव्हापासून डोरीनच्या मंडळातल्या बायका इथं रोज संपकऱ्यांसाठी स्वयंपाक करतात. बटाटे आणि तळणीची चरबी माझ्या तळलेल्या मासे-बटाट्यांच्या दुकानातून जाते. मासे द्यायला परवडत नाही. ते कुणी मागतही नाही, त्याचं बरं वाटतं आणि वाईटही.

डोरीनला नाटक हवंच आहे. "पोरांना यंदा दुसरं काही मिळणार नाही, बर्ट. निदान म्हाताऱ्याला शिव्या तरी घालू देत."

बरोबर आहे. वीस-एक वर्षं बसवतोय हे नाटक. गोष्ट तीच — गावातल्या एकुलत्या एका कोळशाच्या तळघराचा मालक, थंडीत ढेकूळ मोजून विकणारा. नाताळच्या आदल्या दिवशी बदकाचं सोंग (आत दोन माणसं) त्याला त्याच्याच तळघरात कोंडतं. अंधारात वरून सगळ्या गावाचं गाणं ऐकतो आणि पाघळतो. काळाठिक्कर होऊन बाहेर येतो, आपल्या कारकुनाच्या हातात किल्ली ठेवतो, हात मिळवतो. मग शेवटच्या दोन ओळी. त्या तालमीत म्हणायच्या नाहीत, पहिल्या प्रयोगापर्यंत कुणी तोंडातूनही काढायच्या नाहीत — अपशकुन. म्हणून इथंही लिहीत नाही!

कवडीचुंबक अर्नेस्ट. पहिल्यापासून. खाणीत उतरणाऱ्यांना दिवे देतात त्या दिव्यांच्या खोलीत काम करतो, माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. इतका मऊ माणूस स्टेजवर डाव्या बाजूनं आला, की म्हाताऱ्या बायकासुद्धा बसल्या जागी पाय आपटून हुर्यो करतात.


२५ नोव्हेंबर, रविवार

टीव्हीवर पुन्हा कंजूष. डिसेंबर जवळ आला की निघतातच सगळे, त्या एकाच जुन्या पुस्तकातल्या म्हाताऱ्याचे वंशज! एक गाणारा, एक कार्टूनवाला, एक काळापांढरा. दर वर्षी थोडे जास्त गोड होतात. आल्या आल्या डोळे असे ओले करतात की कळतं, हा दीड तासात सुधारणार. असल्याला कोण हुर्यो करणार? बायकोला, आयव्हीला म्हटलं तर म्हणाली, "गप बघ की. तुझं दुकान नाही ते."

आमचा अर्नेस्ट पहिल्या अंकात दयेचा एक थेंब सांडत नाही. तो म्हणतो, "जितकी हुर्यो मोठी, तितकं शेवटी त्यांना मला माफ करायला बरं वाटतं." त्याला हे कुणी शिकवलेलं नाही.

कारकुनाच्या कामाला आमचा क्लाइव्ह. लाज वाटावी इतका शोभतो. आठ महिने खाणीच्या फाटकावर संपाचा पहारा देऊन गालफडं बसलीत. "पोटात काही नसलं की अभिनय करावा लागत नाही, बाबा," म्हणाला. सगळे हसले, त्याची बायको सँड्रा सोडून. तिला जानेवारीत बाळ व्हायचंय. दोघांनी जिन्याचा कठडा जाळलाय चुलीत. मला हे सँड्राकडून कळलं, पोरानं सांगितलं नसतं.

तालमीत किल्लीचा प्रसंग झाला. अर्नेस्टनं हात पुढं केला, क्लाइव्हनं धरला, आणि अर्नेस्ट एकदम स्वतःच्या आवाजात म्हणाला, "पोरा, हात बर्फ झालेत की रे तुझे."

"मग सोडू नका काका, तुमचे गरम आहेत."


२ डिसेंबर, रविवार

कोळशाच्या गावात कोळसा नाही! माणसं रेल्वेच्या बांधावर पोती घेऊन सांडलेला कोळसा चाळतात, पोलीस पोती ओतून घेतात.


६ डिसेंबर, गुरुवार

फ्रान्समधल्या खाणकामगारांनी खेळणी पाठवली. मोठा ट्रक. डोरीनच्या डोळ्यांत पाणी, पण लगेच ओरडली, "बाहुल्या कुणी हातात घ्यायच्या नाहीत! आधी मोजू द्या!" मागच्या आठवड्यात रशियातून डबे आले होते. वर काय लिहिलंय कुणाला कळेना. एकात मासा निघाला, आणि सगळे माझ्याकडे वळून हसले. "बर्ट, धंदा बसला तुझा!"

चांगली दुपार होती. लिहून ठेवतो कारण अशा फार नाहीत.

भिंतीपलीकडे विनी खोकते. अर्नेस्टची बायको. पूर्वी तिचा खोकला कोरडा असायचा, तो मला पाठ आहे. आता त्यात पाणी आहे. आयव्ही सूप घेऊन गेली, परत येऊन म्हणाली, "खोलीत तोंडातून वाफ निघते माझ्या. कोट घालून झोपते बिचारी."


१० डिसेंबर, सोमवार

पहाटे खाली बटाटे धूत होतो. शेजारचं दार लागलं. हळू — कडी हातानं धरून लावतात तसं. मग पावलं. डावा बूट जरा घासत. विंगेत उभा राहून इतकी वर्षं हीच पावलं ऐकलीत, लाखात ओळखेन.

खाणीच्या बाजूला नव्हे, चौकाकडं गेली.

थोड्या वेळानं खाणीची बस आली. खिडक्यांना जाळ्या लावलेली. फाटकापाशी पोरांचा आवाज उठला — "फितूर! फितूर!" माझ्या दुकानाच्या काचा थरथरल्या. बसमध्ये एकच माणूस होता म्हणे, जमिनीवर पडून, डोक्यावर कोट ओढून.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. दिवस वर यायच्या आत गावभर झालं.


११ डिसेंबर, मंगळवार

हॉलमध्ये बैठक. डोरीन, तिच्या चार बायका, युनियनचे दोघं, क्लाइव्ह, मी.

क्लाइव्ह आधीच उभा. "मी त्याच्यासोबत स्टेजवर पाय ठेवणार नाही. संपफोड्याच्या हातात हात? थुंकेन मी."

"मग कवडीचुंबक कोण करणार?" मी विचारलं. "तू करतोस? वाक्यं पाठ आहेत कुणाला?"

एरवी अर्नेस्ट हटला असता तर या कामासाठी मारामारी झाली असती. पण यंदा कोळशाचा मालक होऊन गावासमोर कोण उभा राहणार? एक बाई म्हणाली, "बर्टभाऊ, तुम्हीच करा की. दुकान आहे तुमचं, शोभून दिसाल." हसत म्हणाली. बाकीचे हसले नाहीत. ते मी ऐकलं.

मग मी माझं डोकं चालवलं. म्हटलं, ऐका. त्याला चढू द्या. पोरांना नाटक मिळेल. आणि तुम्हाला त्याच्या तोंडावर जे काय ओरडायचंय ते ओरडा! सगळ्या गावानं, घसा बसेपर्यंत. हुर्यो करायची जागाच आहे ती. शिव्या पोटभर घालून झाल्या, की माणूस निदान माणूस तरी राहतो. नाहीतर उद्या तुम्ही त्याच्या काचा फोडणार. मग?

डोरीननं एप्रनला हात पुसले. मग म्हणाली, "ठीक आहे. चढू दे."

"अगं डोरीन —" क्लाइव्ह.

"चढू दे म्हणतेय ना मी. तू तुझं काम कर. हॉलचं मी बघते."

इतक्या लवकर मानेल असं वाटलं नव्हतं. माणसं वळवायची हातोटी आहे माझ्यात, त्याच जोरावर खाणीतून निघून दुकान थाटलं. घरी येताना शीळ घालत होतो!


१३ डिसेंबर, गुरुवार

अर्नेस्टकडं गेलो. मागच्या दारानं. समोरच्या दारावर रंगानं लिहिलंय, काय ते वेगळं लिहायला नको.

चुलीत खाणीचा कोळसा, कामावर जाणाऱ्याला मिळतो तो. पुरेसा. विनी खुर्चीत, गालांवर जरा रंग. मला बघून तिनं मान खाली घातली. तिनं!

"चहा घे," अर्नेस्ट म्हणाला. "साखर आहे आता." मग स्वतःच ओशाळला.

मी बैठकीचं सांगितलं. ऐकत होता, बुटाची नाडी सोडत, बांधत.

"हुर्यो करतील म्हणतोस?"

"छप्पर उडेल, अर्नेस्ट."

"करू दे." त्यानं डोळे पुसले. "बर्ट, सोमवारपासून कुणी माझ्याकडं बघतसुद्धा नाही रे. तिथं दिव्यांच्या खोलीत एकटा बसतो. काम नाहीच, खाणीत उतरणारंच कुणी नाही. फाटकावर ओरडतात ना, तेवढाच काय तो माणसांचा आवाज. मला हुर्यो चालेल. माझ्या नावानं ओरडू दे त्यांना."

विनी म्हणाली, "माझ्यासाठी गेला तो. असं सांगा ना त्यांना कुणीतरी."

"सगळ्यांचीच बायको आहे, विनी," तो म्हणाला. "तसं सांगून भागत नाही."

निघताना मी आधी गल्ली बघितली, मग बाहेर पडलो. दुकान आहे माझं.


१६ डिसेंबर, रविवार

अर्नेस्ट तालमीला येत नाही, तसंच ठरलंय. त्याची वाक्यं मी वाचतो. क्लाइव्ह किल्ली माझ्याकडून घेतो. हात बाप समजूनच मिळवतो.


२३ डिसेंबर, रविवार

काल प्रयोग झाला.

दुपारपासून रांग. आजूबाजूच्या खाणींच्या गावांतूनही लोक आलेले. हॉल गच्च, उभं राहायला जागा नाही. आत कोबी, ओले कोट, पोरांचा घाम. बदकावर हसले, इतके हसले की आतली दोघं वाक्यं विसरली. क्लाइव्ह फाटक्या कोटात आला तर टाळ्या. मी विंगेत, पडद्याच्या दोरीपाशी. मला प्रेक्षक बघावे लागत नाहीत, कानानं कळतात. खोकला वाढला की प्रसंग लांबला. खुर्च्या करकरल्या की गाणं नको. काल सगळं जागच्या जागी होतं.

अर्नेस्टनं मागच्या खोलीत एकट्यानं तोंड रंगवलं. मी हॅट दिली. त्याचा हात थंड होता आता.

"आवाज कर भरपूर," मी म्हटलं. "आधी तुलाच ओरडावं लागेल त्यांच्यावर."

डाव्या बाजूनं गेला.

काही नाही.

माझ्या आयुष्यात मी अशी शांतता ऐकलेली नाही. खाणीतसुद्धा नाही, खाणीत पाणी ठिबकतं, लाकूड बोलतं. तीनशे माणसं, आणि एक खोकला नाही. खुर्चीचा आवाज नाही. कुठंतरी एका पोरानं "हु—" सुरू केलं, आणि तोंडावर हात बसल्याचं मला विंगेत ऐकू आलं. मी फटीतून बघितलं. डोरीन पहिल्या रांगेत, हात मांडीवर. सगळे स्टेजकडं बघत होते, आणि कुणीही त्याच्याकडं बघत नव्हतं. ते कसं करतात मला माहीत नाही. तो असलेली जागा सोडून बाकी सगळं दिसत होतं त्यांना.

तेव्हा कळलं डोरीन इतक्या लवकर का कबूल झाली!

मला कसं नाही कळलं? याच गावात वाढलो मी. सव्वीस सालच्या संपात कामावर गेलेल्या माणसाच्या नातवाला डोरीनची आई अजून दुकानात रांगेतही ओळख देत नाही. हुर्यो आपल्या माणसाची करतात. खाणीतून बाहेर पडून चार पैसे गाठीला बांधले आणि हेच विसरलो. मला वाटलं, मी वळवलं त्यांना.

अर्नेस्ट ढेकूळ मोजत होता. मोठ्यानं, आणखी मोठ्यानं. प्रेक्षकांकडं वळून नेहमीसारखी मूठ दाखवली, "काय बघता रे, थंडी वाजते?" इथं दर वर्षी पोरं कागदाचे गोळे फेकतात. काल त्याचाच आवाज मागच्या भिंतीवरून परत आला. तो विंगेकडं बघू लागला. माझ्याकडं. वाक्य विसरला म्हणून नव्हे. तोंड रंगवलेलं होतं तरी मला दिसलं.

मी पुढचं वाक्य सांगितलं. तेवढंच माझं काम.

तळघराचा प्रसंग. अंधार. वरून गावाचं गाणं — ते दर वर्षी सगळा हॉल म्हणतो, काल फक्त स्टेजवरचे चार जण म्हणाले. अर्नेस्ट काळा होऊन बाहेर आला. किल्ली क्लाइव्हच्या हातात दिली. ती त्यानं घेतली, नाटक पुढं सरकायला हवं म्हणून. मग अर्नेस्टनं हात पुढं केला.

क्लाइव्हनं दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. सावकाश, सगळ्यांना दिसेल असे.

आणि तेव्हा, अर्नेस्ट स्टेजवर आल्यापासून पहिल्यांदा, हॉलमधून आवाज आला. टाळ्या. कारकुनासाठी.

अर्नेस्टनं हात तसाच धरून ठेवला. मग तो शेवटच्या ओळींवर आला. नसत्या म्हटल्या तरी चाललं असतं, कुणीही समजून घेतलं असतं. पण म्हणाला. स्वच्छ.

"चूल माझी, कोळसा माझा, कुलूप माझ्या दाराचं —
बोला आता गावकऱ्यांनो, ऊब असते कुणाची?"

इथं सगळ्या हॉलनं "सगळ्यांची!" म्हणून ओरडायचं असतं. नाताळ तिथून सुरू होतो आमच्या गावात.

थांबला तो. मी दोरी धरून उभा. एक माणूस बोलला असता तरी पुरे होतं. विंगेतून आला असता आवाज तरी. जिभेवर आलं होतं माझ्या.

पडदा पाडला.


२५ डिसेंबर, मंगळवार

हॉलमध्ये सगळ्यांना जेवण. टर्की कुणी कुणी पाठवलेल्या. फ्रान्सच्या बाहुल्या वाटल्या. लोक म्हणत होते की इतका चांगला नाताळ कधी झाला नाही, आणि ते खरं म्हणत होते. डोरीन माझ्याजवळ आली. "नाटक छान झालं, बर्ट."

"तुझं नाटक छान झालं," मी म्हटलं.

तिला राग आला नाही. "उद्या हा संप मोडला," ती म्हणाली, "आणि मोडेल, मला काय कळत नाही? बाकी सगळं घेतील ते. एवढंच राहील आपल्याकडं. कामावर कोण गेलं आणि कोण नाही."

मी रिकाम्या बशा गोळा करू लागलो.


३० डिसेंबर, रविवार

भिंतीपलीकडं खोकला नाही. धुराड्यातून धूर छान निघतो. आयव्ही म्हणते, विनी बरी होतेय. दोघंही दिवसभर एक शब्द बोलत नाहीत. मी कान लावून बघितलं.


४ जानेवारी १९८५, शुक्रवार

दुसऱ्या गावांतून कामावर जाणाऱ्यांच्या बसगाड्या भरून जाऊ लागल्या म्हणतात. आपल्याकडं अजून अर्नेस्ट एकटा. क्लाइव्ह आणि सँड्रा आमच्याकडं राहायला आले, वरच्या खोलीत. त्यांच्या घरात जाळायला दारंसुद्धा उरली नाहीत. पोरगा आला तसा फार बोलत नाही. मी म्हटलं, "नाटकात असं खिशात हात घालायला कुणी सांगितलं होतं? डोरीननं?"

"कुणी नाही."

"मग?"

"थंडी वाजत होती," म्हणाला, आणि जिना चढून गेला.


९ जानेवारी, बुधवार

मुलगी! लहान आहे फार, दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलीय. सँड्रा बरी. क्लाइव्ह पेटीपाशी उभा होता. नर्स म्हणाली, घरी न्याल तेव्हा खोली गरम ठेवा, रात्रंदिवस. त्यानं मान डोलावली. दोनदा.


१४ जानेवारी, सोमवार

आज बसमध्ये दोघं होते. दुसरा आमचा क्लाइव्ह.

दुपारी दुकानात कुणी आलं नाही. तेल तापवलं, थंड केलं. क्लाइव्ह परत येऊन वर गेला, मी मान वर केली नाही. संध्याकाळी एकटी विनी आली. काउंटरपाशी उभी राहिली. मासा कागदात बांधून दिला, तर घेईना.

"मासा नकोय, बर्ट. वर जा आधी. पोराशी बोल."